विचारांचे संप्रेषण आणि स्मरण : कीर्तन ते स्वागतयात्रा

विचार मांडणे आणि तो श्रोत्यांच्या स्मरणात राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्याख्यानानंतर वहीत टिपणे उरतात. परंतु परीक्षा संपताच त्यांतील आशय बहुधा विसरला जातो. महाराष्ट्राच्या प्रबोधन परंपरेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नारदीय कीर्तनाची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते, तर उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून सांगितला जातो. श्रोता तत्त्व विसरला तरी कथा आठवतो आणि कथेच्या मागोमाग तत्त्वही परत येते.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांनी कीर्तनाला संवादाचे रूप दिले. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. स्वतः शोधलेले उत्तर ऐकलेल्या उत्तरापेक्षा अधिक टिकते, हे पुढे मानसशास्त्रीय प्रयोगांतूनही दिसून आले. जेवणाचे ताट विकावे, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलांना शिकवावे, अशा आशयाचा त्यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. शिक्षणाचे अमूर्त महत्त्व येथे गरीब श्रोत्याच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते. दिवसा गाव झाडणारा त्यांचा खराटा हा तर रात्रीच्या कीर्तनाचा पूर्वरंगच होय.

डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा हे याचे नागर उदाहरण ठरते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकासमोरून चित्ररथ काही क्षणांत पुढे सरकतो. त्यामुळे एका रथावर एकच आशय ठळक असावा लागतो. फलकांची दाटी झाली की काहीच लक्षात राहत नाही. वर्गातील तासालाही हाच नियम लागू पडतो.

मात्र स्मरणीयता म्हणजे सत्यता नव्हे. अफवा आणि अंधश्रद्धाही कथा, चित्र व पुनरुक्ती यांच्याच बळावर पसरतात. गाडगेबाबांनी तीच साधने अंधश्रद्धेविरुद्ध वापरली, यात त्यांचे वेगळेपण आहे. म्हणून अध्यापकाने प्रथम आशय पारखून घ्यावा. त्यानंतर एक मध्यवर्ती विचार, एक प्रश्न आणि विद्यार्थ्याच्या अनुभवातील एक उदाहरण यांभोवती तासाची मांडणी करावी. पाठ्यक्रम पूर्ण होण्याइतकेच त्यातील काय उरले, हे पाहणेही अध्यापनाचाच भाग आहे.