'देवाचे नगर' आणि दळवींचे 'चक्र'

'सिटी ऑफ गॉड' ह्या ब्राझिलियन चित्रपटाचे (२००२) नाव आपल्या तरुणांच्या तोंडी असते. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ 'देवाचे नगर'. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यानंतर संत ऑगस्टीन ह्यांनी लिहिलेल्या थोर ग्रंथाचेही नाव हेच! चित्रपटातील नगर मात्र रिओ द जानेरोच्या टोकाला १९६० च्या दशकात वसवलेली सरकारी वसाहत आहे. शहरातील झोपड्या हटवून कुटुंबांना तेथे नेले गेले. डोक्यावर छप्पर आले, पण रोजगार दूर राहिला. त्याच वसाहतीत वाढलेले पाउलो लिन्स ह्यांनी १९९७ मध्ये कादंबरी लिहिली. फर्नांदो मेइरेलेस ह्यांनी कातिया लुंद ह्यांच्या साहाय्याने ती पडद्यावर आणली. अभिनय करणारी बहुतेक मुले झोपडपट्ट्यांतीलच होती.

चित्रपटात हिंसा भयंकर आहे. टोळीचा म्होरक्या एका लहानग्याच्या हाती पिस्तूल देऊन दुसऱ्या लहानग्याला मारावयास लावतो, तो प्रसंग पाहवत नाही. मुलांसमवेत बसून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. तरीही त्यातील एक गोष्ट प्रौढांनी समजून घ्यावी. अमली पदार्थांच्या धंद्यात तेथे बढतीच्या पायऱ्या आहेत: आधी निरोप्या, मग पाळतीवरचा पोरगा, मग विक्रेता, मग बंदूकधारी. शाळेने वा कारखान्याने जे आश्वासन दिले नाही, ते टोळी देते.

भिवंडीच्या वाचकांना हा क्रम अनोळखी वाटू नये. यंत्रमागावर कांडी भरणारा पोरगा पुढे माग चालवतो, हातात कसब असल्यास जॉबर होतो. ही शिडी कष्टाची आणि अल्प वेतनाची असली, तरी शिडी आहे. मंदीत माग भंगारात निघतात, तेव्हा तीच काढून घेतली जाते. मग नाक्यावर उभ्या असलेल्या पोराला कोण बोलावतो, हे पाहावे लागते.

मराठीत हे जयवंत दळवी ह्यांनी १९६३ मध्येच 'चक्र' कादंबरीत मांडले होते. रवींद्र धर्मराज ह्यांनी १९८१ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट केला. स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात त्याला सुवर्ण बिबट्या पुरस्कार मिळाला, तर अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. अम्माला मुलगा बेनवा सन्मार्गाने जावा असे वाटते. बेनवाला मात्र नसीरुद्दीन शाह ह्यांनी साकारलेला लुक्का हा गुंडच मोठा वाटतो. लुक्का कोणाला बळजबरीने ओढत नाही. तो केवळ ऐटीत वावरतो, आणि पोराला ते पुरेसे होते. माझ्या मते ब्राझिलच्या बंदुकांपेक्षा हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

'चक्र'च्या शेवटी वस्तीवर बुलडोझर येतो. रिओची कथा तर वस्ती हटवल्यानंतरच सुरू होते.