माझदा: बुचाच्या कारखान्यातून निघालेली गाडी

आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे ती आपल्याकडे शोरूममध्ये कधी मिळालीच नाही. तरीही तिचं नाव तुम्ही वाचलेलं आहे, विशेषतः पंजाब, हरियाणा, दिल्ली भागात राहणाऱ्यांनी तर हजार वेळा. शाळेच्या पिवळ्या बसच्या कपाळावर लिहिलेलं असायचं, ‘स्वराज माझदा’. १९८० च्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्सने जपानच्या या कंपनीशी हात मिळवून चंदीगडजवळ छोटे ट्रक आणि मिनी बस बनवायला सुरुवात केली. पुढे जपानी भागीदार बदलला, इसुझूचं नाव आलं, पण जुन्या चालकांच्या तोंडी आजही ती माझदाच.

आता हे नाव. मुंबईत पारशी शेजार लाभलेल्यांना ते ऐकून काहीतरी आठवेल. अहुर मज्द, म्हणजे जरथुश्त्री धर्मातला ज्ञानाचा आणि प्रकाशाचा परमेश्वर. कंपनी स्वतःच सांगते की नाव तिथून घेतलं, आणि शिवाय ते मालकाच्या ‘मात्सुदा’ या आडनावाशीही जुळत होतं. एकाच दगडात दोन पक्षी! जाता जाता सांगतो, अमेरिकेत १९०९ पासून ‘माझदा’ नावाचे विजेचे दिवेही विकले जात. त्यांनीही नाव तिथूनच उचललं होतं. दिव्याला प्रकाशाच्या देवाचं नाव देणं समजू शकतो. पण तीनचाकी टेम्पोला?

हो, सुरुवात तीनचाकीपासूनच झाली. खरं तर त्याही आधी बुचापासून. १९२० साली हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी निघाली, बाटल्यांना आणि यंत्रांना लागणारं बूच बनवणारी. पुढच्याच वर्षी तिची सूत्रं जुजिरो मात्सुदांकडे आली. कोळ्याच्या घरातला मुलगा, लहानपणी लोहाराकडे उमेदवारी केलेला, हाताने काम जाणणारा माणूस. बुचाच्या धंद्यात फार दम नाही हे त्यांना लवकर कळलं. १९२७ मध्ये नावातून ‘कॉर्क’ गेलं आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ हा तीनचाकी मालवाहू टेम्पो रस्त्यावर आला.

पुढचा प्रसंग सांगितल्याशिवाय माझदाची गोष्ट पुरी होत नाही. ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी लवकर ते शहरात न्हाव्याकडे गेले, पहिलंच गिऱ्हाईक असल्यामुळे काम लवकर आटोपलं आणि ते परत निघाले. सव्वाआठला बॉम्ब पडला. ते वाचले, त्यांचा एक मुलगा गेला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर, मध्ये हिजियामा नावाची टेकडी, त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. मग त्याच इमारतींत प्रांताचं सरकारी कार्यालय आलं, न्यायालय आलं, आकाशवाणी केंद्र आलं. शहराचा संसार काही काळ एका टेम्पोच्या कारखान्यात चालला! आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा तयार होऊ लागली. राखेतून गाव उभं करताना सामान वाहायला तीच होती. हिरोशिमाच्या माणसाला माझदाबद्दल जे वाटतं ते आपण ‘ब्रँड’ या शब्दात बसवू शकत नाही, ते इथून आलंय.

आता येऊ माझदाच्या वेडाकडे. म्हणजे रोटरी इंजिनाकडे.

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलने विचारलं, शेवटी फिरायचंच आहे तर मुळात वर-खाली कशाला? त्याने रेशमाच्या कोशाच्या आकाराच्या पेटीत एक फुगीर त्रिकोण बसवला. तो फिरतो तेव्हा त्याच्या तिन्ही बाजूंना हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं असं सगळं आळीपाळीने होतं. झडपा नाहीत, हलणारे भाग मोजके, आकार लहान, आणि चालताना शिवणयंत्रासारखी गुळगुळीत.

१९६० च्या सुमारास जपान सरकार छोट्या मोटार कंपन्यांना मोठ्यांत विलीन करण्याच्या विचारात होतं. माझदाने पहिली चारचाकी मोटार, आर३६० कूपे, आणली तीच मुळी १९६० मध्ये. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा यांनी ठरवलं की दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, आणि जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून रोटरीचे हक्क घेतले. हातात जे आलं ते मात्र अर्धकच्चं होतं. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना ज्या पट्ट्या असतात, ज्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात, त्या थरथरत आणि पेटीच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत. जपानी इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जणांची तुकडी या एकाच दुखण्यामागे लागली. आकडा ४७, त्यामुळे धन्याविना उरलेल्या ४७ सामुराईंच्या जपानी कथेवरून त्यांना तेच नाव पडलं. शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील जमलं आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

त्याच वर्षी मूळ मालक एनएसयूनेही आपली आरओ ८० आणली. तिची सीलं लवकर झिजली, इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. विद्या एकच, पण गुरू बुडाला आणि शिष्य तरला.

तरला खरा, पण फार काळ नाही. १९७३ चं तेलसंकट आलं. रोटरीत जळण्याची जागा लांबट आणि चपटी असते, सगळं पेट्रोल नीट जळत नाही. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत या गाड्यांचं शहरातलं अ‍ॅव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास निघालं. विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने सावरलं, पुढे १९७९ मध्ये फोर्डने पंचवीस टक्के भाग घेतला. पण मला त्या काळातली जास्त लक्षात राहते ती दुसरी गोष्ट. कारखान्यातल्या हजारो कामगारांना घरी बसवण्याऐवजी देशभरातल्या विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवलं. नट आवळणारा माणूस टाय लावून दारोदार! आणि हिरोशिमातल्या स्थानिक कंपन्यांनी ‘गाडी घ्यायची तर माझदाच’ अशी मोहीम उघडली.

नंतरचं थोडक्यात सांगतो. १९७८ ला आरएक्स-७, १९८९ ला छोटी उघडी दोन आसनी एमएक्स-५, जिचे दहा लाखांहून जास्त नग विकले गेले. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढी विक्री दुसऱ्या कुणाची नाही. १९९१ मध्ये फ्रान्सच्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ७८७बी ही रोटरीवाली माझदा पहिली आली. जपानी गाडीचा तिथला तो पहिला विजय. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट उतरल्यावर भोवळ येऊन पडला आणि बक्षिसाच्या मंचावर जाऊच शकला नाही. आणि याच काळात जपानमध्ये पाच-पाच वेगवेगळ्या नावांनी दुकानं थाटून कंपनी पुन्हा कर्जात गेली. १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्के झाला आणि अध्यक्षाच्या खुर्चीत हेन्री वॉलेस बसले, जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी प्रमुख.

आता मालकांचं मत. ‘जपानी म्हणजे न बिघडणारी’ हे समीकरण आपण टोयोटावरून शिकलो आणि सगळ्यांना लावून टाकलं. माझदाला ते सरसकट लागू होत नाही.

पहिली तक्रार गंजाची. २००० नंतरच्या दशकातल्या माझदा ३ आणि माझदा ६, इंजिन ठणठणीत, पण मागच्या चाकावरची कमान खाल्लेली. कॅनडा, जर्मनीसारख्या देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे फार दिसलं. नंतरच्या गाड्यांत सुधारणा झाली, पण नावाला लागलेला गंज पत्र्याच्या गंजापेक्षा उशिरा निघतो.

दुसरी, २००३ ची आरएक्स-८. चालवायला लोणी, सांभाळायला लहान मूल. रोटरीत सील ओली राहावीत म्हणून थोडं ऑइल मुद्दाम आत सोडून जाळलं जातं. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. पण मालक नेहमीच्या सवयीने सर्व्हिसिंगपर्यंत ऑइल बघतच नसत. दुसरं म्हणजे थंड गाडी चालू करून चार फूट मागे घेऊन लगेच बंद केली की आत पेट्रोल साचतं आणि ती पुन्हा सुरूच होत नाही. यात मालकांचाच दोष होता असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत कंपनीला इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली, त्याअर्थी प्रश्न गंभीर होता.

आणि मग २०१२ च्या सीएक्स-५ पासून पालटलेलं चित्र. बाकीचे छोटं इंजिन आणि टर्बो या वाटेने गेले. माझदाने बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन घेऊन दाब वाढवला, काही बाजारांत थेट १४ ला १. पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी टाळून साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक दिला. साधेपणाचं फळ मिळालं: २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा पहिली आली, टोयोटाच्याही वर. डिझेलला मात्र हे प्रशस्तिपत्र लावू नका, त्यात काजळी साचण्याच्या तक्रारी आहेत. नंतरची मोठी सीएक्स-९० ही नव्याच सांगाड्याची गाडी, तिच्याबद्दलही मालक तितके खूश नाहीत.

परदेशात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुलं तिथे जुन्या माझदा घेतात आणि आई-बाबांना फोटो पाठवतात. विचारलंच तर एवढं सांगा. पेट्रोलवाली सीएक्स-५ असेल तर सर्व्हिसचे कागद बघून घे. जुनी माझदा ३ असेल तर आधी खाली वाकून चाकाच्या कमानीवरून आतून हात फिरव. आणि आरएक्स-८ च्या प्रेमात पडला असेल तर गाडी चांगली वीस मिनिटं पळव, गरम असताना बंद कर, पाच मिनिटं थांब आणि पुन्हा चावी फिरव. लगेच उठली नाही, तर रोटरी जाणणाऱ्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय पैसे काढू नकोस.