हुशार मुलांची उन्हाळी शिबिरं : पुढे नेणं की खोल नेणं?

मे महिना जवळ आला की आमच्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. 'मुलगी नववीत आहे, वर्गात कायम पहिली, गणिताची आवड आहे. सुट्टीत कुठल्या शिबिराला घालू?' आम्ही उलट विचारतो, 'तिथून तिने काय घेऊन यावं असं तुम्हाला वाटतं?' उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : 'दहावीचा पोर्शन आधीच होऊन जाईल.' आज आपण या उत्तराचाच विचार करणार आहोत.

हुशार मुलाला शिकवण्याच्या ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक, त्याला पुढे नेणं, म्हणजे पुढच्या इयत्तांचा अभ्यास आधी शिकवणं. दुसरी, त्याला आहे तिथेच खोल नेणं.

पहिल्या वाटेमागे विचार नाही असं समजू नका. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ साली गणितात असामान्य असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. कारण साधं आहे. शाळेच्या पेपरात दहा मुलांना शंभरपैकी शंभर पडले, तर त्या दहांमधला फरक तो पेपर सांगूच शकत नाही. पट्टी फूटभर असेल तर हातभर लांबी एका दमात कशी मोजणार? ज्या मुलाला वर्गातलं सगळं आधीच येतं, त्याला वर्षभर तिथेच बसवून ठेवणं हाही अन्यायच, असं स्टॅनली यांचं म्हणणं होतं. ते खोटं नाही.

दुसऱ्या वाटेचं उत्तम उदाहरण म्हणजे अर्नोल्ड रॉस. या गणितज्ञाने १९५७ साली नोत्र दाम विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. १९६४ पासून तो ओहायो स्टेट विद्यापीठात भरू लागला. विषय अंकशास्त्र. म्हणजे आपले १, २, ३ हेच पूर्णांक! साध्याच गोष्टींचा खोल विचार करायचा, हे त्या वर्गाचं ब्रीद. रोज प्रश्नांचा कागद मिळायचा. मुलांनी आकडेमोड करायची, त्यात काही नियम दिसतो का बघायचं, अंदाज बांधायचा आणि मग तो सिद्ध करायचा, नाहीतर मोडायचा.

हे कसं चालतं ते आपण करूनच बघू. कुठलीही संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३. २ घेतला तर ४७. ३ ला ५३, ४ ला ६१, ५ ला ७१. सगळ्या मूळ संख्या! मुलं दहापर्यंत जातात, वीसपर्यंत जातात. नियम टिकतो. ३९ घेतला तरी १६०१ येतो, तीही मूळ संख्याच. आता ४० घ्या. १६०० अधिक ४० अधिक ४१, म्हणजे १६८१. आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. संपलं!

आपल्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी याच प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला आहे. धूर आणि अग्नी अनेकदा एकत्र दिसले, याला म्हणायचं भूयोदर्शन. पण पुष्कळदा दिसलं म्हणून 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती सिद्ध झाली का? चार्वाकांनी नेमका इथेच आक्षेप घेतला. पंधरा वर्षांचं पोर चाळीसाव्या पायरीवर घसरतं, तेव्हा ते याच वादात पाऊल टाकत असतं. हे पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी वाचून मिळत नाही.

आता थोडं आमच्या चुकीबद्दल. काही वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीत शाळकरी मुलांसाठी तर्कशास्त्राचा छोटा वर्ग घेत होतो. हेच उदाहरण दिलं. एका मुलाने वीसपर्यंत तपासून हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, 'सर, नेहमीच येणार.' आम्ही फळ्यावर चाळीस लिहिले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही नाही. वडील फोनवर एवढंच म्हणाले, 'त्याला अशी सवय नाही हो.'

ते खरंच होतं. जो मुलगा कायम पहिला येतो, त्याला न येणारा प्रश्न कधी भेटलेलाच नसतो. 'मला येत नाही' हा अनुभव त्याला थेट 'मी हुशार नाही' असा ऐकू येतो. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा दोनदा चुकतो, गोंधळतो. सॉक्रेटिस त्याला हसत नाही. तो म्हणतो, या गोंधळाने मुलाचं नुकसान झालेलं नाही. आपल्याला माहीत नाही हे त्याला कळलं, आता तो शोधेल. आणि मग तो शेजारी थांबून पुढचा प्रश्न विचारतो, कर्णापर्यंत पोचेतो. आम्ही पहिला अर्धा भाग केला आणि शेजारी थांबलो नाही.

तेव्हा शिबिर निवडताना किती धडे होणार हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. एकाच प्रश्नावर मुलांना दोन-दोन दिवस झगडू देतात का? चुकलेल्या मुलाशेजारी कोणी बसतं का? आणि प्रवेश फक्त गुणांवर आणि फीवर ठरतो, की प्रश्न विचारणाऱ्या पोरालाही दार उघडं असतं? आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचं काम करते आहे. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची शिबिरं भरतात. गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सहा प्रश्नांना दोन दिवस मिळून नऊ तास असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. त्या दीड तासातला बराच वेळ काहीच सुचत नसतं. त्या न सुचण्यात शांत बसता येणं, हेच शिकायचं असतं.

पोर्शन काय, जूनमध्ये शाळा शिकवणारच आहे. आज इथे थांबू. जाता जाता एक गृहपाठ : ती ४१ ची गंमत बरोबर चाळीसलाच का मोडली? उत्तर कुठे शोधू नका, कागद घ्या.