फॅट खरंच कमी, की मोजणंच चुकलं?

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) हा पाया धरून ठरतो. त्याखाली एकेक पॉइंट, म्हणजे ०.१ टक्का, घसरला की लिटरमागे पैसे कापले जातात. हा आकडा काढणारं यंत्र पूर्वी फक्त डेअरीत दिसायचं. आता बॅटरीवर चालणारी, हातात उचलून गोठ्यात नेता येतील अशी यंत्रं मिळतात. पण आकडा हाती येणं वेगळं आणि तो समजणं वेगळं. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला काय किंवा सरसकट संशय घेतला काय, दोन्हीकडून नुकसान दूध घालणाऱ्याचंच होतं.

गैरसमज : यंत्र दुधातलं फॅट थेट मोजतं.

वस्तुस्थिती : फॅट वेगळं काढून मोजण्याची रीत म्हणजे गर्बर पद्धत. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी ती १८९१ च्या सुमारास रूढ केली. ब्युटिरोमीटरच्या नळीत १० मिलि गंधकाम्ल, १०.७५ मिलि दूध आणि १ मिलि अमाइल अल्कोहोल घालून ती वेगाने फिरवतात. आम्लात प्रथिनं विरघळतात, फॅट सुटून वर येतं आणि नळीवरच्या खुणांवर वाचता येतं.

हातातली यंत्रं असं काही वेगळं काढत नाहीत. अल्ट्रासॉनिक यंत्र दुधातून ध्वनिलहरी सोडतं. तापमान वाढलं की पाण्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि फॅटमधला कमी होतो. म्हणून हे यंत्र एकच नमुना दोन तापमानांना तपासतं आणि दोन्हींतल्या फरकावरून फॅट आणि एसएनएफचा हिशेब मांडतं. अवरक्त प्रकाशावर चालणारी यंत्रं दुधाने किती प्रकाश शोषला आणि किती विखुरला, हे बघतात. दोन्हींच्या पडद्यावर येतो तो गणिताने काढलेला अंदाज. ज्या प्रकारच्या दुधावर ते गणित बसवलंय, त्याच दुधासाठी तो भरवशाचा असतो. गाय आणि म्हैस यांसाठी यंत्रात वेगळी सोय असते ती यामुळेच. म्हशीचं दूध गाईच्या बटणावर तपासलं, तर आलेल्या आकड्यावर दर लावू नये.

गैरसमज : डिग्री आणि एसएनएफ चांगले आले, म्हणजे दूध चोख.

वस्तुस्थिती : लॅक्टोमीटरची डिग्री फक्त घनता सांगते. फॅट पाण्याहून हलकं, म्हणून साय काढली की डिग्री चढते. पाणी घातलं की उतरते. दोन्ही एकदम केलं, तर डिग्री जागच्या जागी राहू शकते. साखर, मीठ किंवा युरिया विरघळवला तर एसएनएफ वाढल्यासारखा दिसतो. यंत्रावर 'घातलेलं पाणी' म्हणून जो आकडा येतो, तोसुद्धा इतर मोजमापांवरून काढलेला असतो. शिवाय युरिया दुधात नैसर्गिकरीत्याही असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा दहा लाख भागांत ७०० भाग अशी ठरवली आहे. त्यामुळे एका पावतीवरून कुणाला भेसळखोर ठरवू नये आणि निर्दोषही धरू नये. त्यासाठी रासायनिक चाचणीच हवी.

गैरसमज : घरी आणि डेअरीत आकडा वेगळा आला, म्हणजे कुणीतरी फॅट मारलं.

वस्तुस्थिती : आधी नमुना बघा. धार काढायला बसल्यावर पहिलं दूध पातळ असतं. शेवटच्या धारांतलं फॅट त्याच्या कित्येक पटींनी जास्त असतं. म्हणून पूर्ण धार झाल्यावर, सगळं दूध ढवळूनच नमुना घ्यावा. थोडा वेळ उभ्या राहिलेल्या कॅनमध्ये साय वर येते. वरचा नमुना फॅट चढवतो, तळाचा उतरवतो. ताज्या दुधातले हवेचे बुडबुडे अल्ट्रासॉनिक यंत्राला फसवतात. फेस बसू द्यावा, नमुना हलकेच खालीवर करून मिसळावा. फॅटच्या गुठळ्या दिसल्या तर दूध सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करावं, मिसळावं आणि निववून तपासावं. नासायला लागलेलं दूध यंत्रात घालूच नये.

एवढं करूनही दोन यंत्रांत थोडा फरक राहतोच. बऱ्याच यंत्रांची फॅटची अचूकता ०.१ टक्क्याच्या आसपास सांगितलेली असते, म्हणजे चांगलं यंत्रही एखादा पॉइंट इकडेतिकडे जाणार. पण अशी नैसर्गिक चूक कधी वर जाते, कधी खाली. दर वेळी आकडा एकाच बाजूला, खालीच झुकत असेल, तर ती चूक नैसर्गिक नाही. तिथे जाब विचारायलाच हवा.

गैरसमज : यंत्र एकदा आणलं की पुढची काळजी नाही.

वस्तुस्थिती : आत साचलेला दुधाचा थर पुढचे सगळे आकडे बिघडवतो. रोज धुणं आणि ठरावीक दिवसांनी गर्बरच्या निकालाशी ताडून यंत्र जुळवून घेणं, ही कामं टाळता येत नाहीत. काट्यावरचा शिक्का आपण बघतो. तसं यंत्र शेवटचं कधी जुळवलं, हेही विचारलं पाहिजे.

गैरसमज : हे यंत्र फक्त दराच्या भांडणासाठी.

वस्तुस्थिती : त्याचा मोठा उपयोग गोठ्यात आहे. पेंड, सुग्रास वाढवलं आणि कडबा, वैरण कमी पडली, की फॅट उतरतं. फॅट बनवायला लागणारं ॲसिटिक आम्ल कोठीपोटात मुख्यतः चाऱ्याच्या तंतूंपासून तयार होतं. दगडी झालेल्या सडाच्या दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतात, त्यामुळे त्यातून वीज जास्त वाहते. काही उपकरणं ही वाहकता मोजतात. चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासून एकाचा आकडा चढा दिसला, तर सूज येण्याआधीच डॉक्टरांना बोलावता येतं.

यंत्र महाग वाटलं, तर गटाने मिळून एक घ्यावं. नीट ढवळलेल्या एकाच दुधाच्या दोन बाटल्या भराव्यात, एक आपल्या यंत्रावर आणि एक डेअरीच्या यंत्रावर तपासावी आणि दोन्ही आकडे वहीत मांडावेत. फरक सतत एकाच बाजूचा निघाला, तर वही पुढे ठेवून गर्बर चाचणी मागावी. आणि प्रत्येक संकलन केंद्रावर यंत्र जुळवल्याची तारीख सगळ्यांना दिसेल अशी लिहिलेली असावी. पहाटे उठून धार काढणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.