पुराआधीचा मुक्काम

पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक ओळ दरवर्षी येते: 'भामरागडचा संपर्क तुटला.' जुलैत येते, ऑगस्टमध्ये येते, कधी सप्टेंबरातही येते. वाचणाऱ्यांना ती इतकी सवयीची झाली आहे की पुढची ओळ फारसे कोणी वाचत नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या छत्तीसगड सीमेवर, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ हे तालुक्याचे गाव आहे. आलापल्लीहून येणारा रस्ता पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून गावात शिरतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते आणि पूल पाण्याखाली जातो. २०१९ च्या पावसाळ्यात तर बाजारपेठेत पुन्हा पुन्हा पाणी शिरले. पुलाच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर हेमलकसा आहे. तेथे लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. पुलाच्या पलीकडे गावात ग्रामीण रुग्णालय आहे. दवाखाने दोन्ही काठांवर, पण आतल्या गावांतून यायचे तर वाटेत आणखी किती नाले आडवे येतात याची गणती नाही.

ही गोष्ट एकट्या भामरागडची नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर वैनगंगेने ब्रह्मपुरी आणि वडसा भागातील गावे वेढली होती. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील लोकांना घरे सोडायला लावली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला पाणी ओसरण्याची वाट पाहणे नवे नाही. तांदूळ, मीठ, रॉकेल, सरपण यांची बेगमी तो मे महिन्यातच करून ठेवतो.

आजाराची बेगमी मात्र करता येत नाही. त्यातही बाळंतपणाची घड्याळे फार वेगवेगळ्या गतीने चालतात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या डेबोरा मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक अंदाज मांडला होता, तो आजही शिकवला जातो. उपचार मिळाले नाहीत तर गुंतागुंत सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी किती वेळ हाती असतो? जंतुसंसर्गात सहा दिवस. अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस. रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर दोन दिवस. गर्भाशय फाटले तर एक दिवस. प्रसूतीपूर्वी रक्तस्राव झाला तर बारा तास. आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तास.

आता हे आकडे पुराशेजारी ठेवून पाहावेत. पूल एक दिवस बुडाला तर अडलेली बाई कदाचित वाचेल. रक्तस्राव होणारी वाचणार नाही. खाटेची कावड करून, डोंग्यातून, आपत्ती पथकाच्या बोटीतून, अगदी जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून गर्भवतीला पाण्यापलीकडे नेल्याची छायाचित्रे आपण पाहतो. नेणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यायलाच हवी. पण दोन तासांच्या घड्याळापुढे धाडसही अपुरे पडते. शिवाय बाळाच्या जन्मानंतर कोणाला रक्तस्राव होईल हे आधी सांगता येत नाही. तिसरे बाळंतपण सुखरूप झालेल्या बाईलाही चौथ्या वेळी तो होऊ शकतो.

कोकणातला मच्छीमार जून-जुलैत होडी वर ओढून ठेवतो. बंदीचा कायदा अलीकडचा, पण वादळ येण्याआधी बंदर गाठायचे ही रीत जुनीच. गडचिरोलीच्या जंगलात या रीतीला 'माहेरघर' म्हणतात. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली असते. बाळंतपणाची तारीख जवळ आली की गर्भवतीने तिथे येऊन राहायचे. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल असेल तर तेही. जेवणाची सोय बचत गटाकडे. दवाखाना हाकेच्या अंतरावर. नाव ज्याने कोणी ठेवले त्याला माणसांची पारख होती. 'प्रतीक्षा कक्ष' म्हटले असते तर कोणी फिरकले नसते.

ही कल्पना जगात इतरत्रही रुजलेली आहे. क्युबात १९६२ पासून अशी घरे आहेत, आफ्रिकेतील अनेक देशांत आहेत. दुर्गम भागासाठी जागतिक आरोग्य संघटना त्यांची शिफारस करते, मात्र पुरावा कमकुवत असल्याचेही त्याच शिफारशीत नमूद करते. ते योग्यच आहे. खोली बांधल्याने माता वाचत नाही. शेजारच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता परिचारिका, ऑक्सिटोसिन आणि पुढे नेणारी गाडी असेल तर वाचते. नुसत्या खोलीत मुक्काम म्हणजे पुराच्या दुसऱ्या काठावर बसणे.

पण नीट चालले तर मुक्कामाचे दिवस रिकामे जात नाहीत. रोज रक्तदाब पाहता येतो. लघवीतील प्रथिने तपासता येतात. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज ही लक्षणे घरी थकवा म्हणून खपून जातात. इथे ती कोणाच्या तरी नजरेस पडतात. या भागात रक्तक्षय फार, आणि सिकलसेलही. रक्तक्षय असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, रक्त लागले तर कुठून आणायचे, हे कळा सुरू होण्याआधी ठरते. पावसाळा हाच हिवतापाचाही हंगाम. गरोदरपणात फाल्सिपॅरम हिवताप कधी तापाशिवायही नाळेत ठाण मांडतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. बोटाच्या थेंबभर रक्तावर ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते.

मग सगळ्या जणी येत का नाहीत? याचे उत्तर 'अज्ञान' या एका शब्दात देण्याची सवय शहरी माणसाने सोडावी. जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणीचे दिवस. धानाची रोवणी आठ-पंधरा दिवसांत झाली नाही तर वर्षाचे पोट बुडते, आणि रोवणी बायकाच करतात. घरी आणखी दोन मुले, कोंबड्या, शेळ्या, म्हातारी सासू. माडिया बोलणाऱ्या बाईला मराठी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये पंधरा दिवस काढायचे आहेत. त्यात तारीखही पक्की नसते. शेवटची पाळी आठवत नाही, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झालेली नाही. तारीख नेमकी माहीत असली तरी ठरल्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. सदतिसाव्या आठवड्यापासून कधीही कळा येऊ शकतात. आठ दिवस म्हणून आलेल्या बाईचे वीस दिवस होतात, नवरा न्यायला येतो आणि ती जाते. तिचा हिशेब चुकीचा आहे असे म्हणायला कोणाची जीभ रेटणार?

म्हणून जी पलीकडेच राहते तिच्यासाठीही काही ठेवावे लागते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना ना फ्रिज लागतो ना सुई. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून त्या दिल्या तर रक्तस्रावाचा धोका कमी होतो. दुर्गम गावांत घरीच बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर त्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत आधीच पोहोचवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१३ मध्ये दिली. नवजात बाळाबाबतचा धडा तर याच जिल्ह्याने जगाला दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी जातात त्यामागे तोच अनुभव आहे. ज्या उपचाराला नदी ओलांडावी लागत नाही, तो पुरात अडकत नाही.

रक्त चढवणे आणि सिझेरियन मात्र झोपडीत होत नाही. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आधीचे सिझेरियन, जुळी, आडवे मूल, सिकलसेल किंवा रक्तदाब असलेल्या बाईने प्राथमिक केंद्राच्या माहेरघरात थांबूनही भागत नाही. तिला पाऊस जोर धरण्याआधी अहेरी किंवा गडचिरोलीकडे हलवावे लागते. म्हणून खरे काम मे महिन्यातले. जुलै ते सप्टेंबर तारीख असलेल्या बायकांची गावनिहाय यादी, प्रत्येकीपुढे वाटेतले नाले आणि तिच्या घरची रोवणी कोण करणार याचीही नोंद. हा शेवटचा रकाना अजून कोणत्याही सरकारी नोंदवहीत छापलेला नाही. चांगली आशा कार्यकर्ती तो तोंडपाठ ठेवते, आणि जावेची किंवा शेजारणीची हजेरी पक्की झाल्यावरच गर्भवतीला गाडीत बसवते.