मादेइरा मद्य

अटलांटिक महासागरातील मादेइरा या पोर्तुगीज बेटावर तयार होणारे एक प्रबलित (द्राक्षमद्यात ऊर्ध्वपातित मद्यार्क मिसळून तीव्र केलेले) मद्य. त्यात मद्यार्काचे प्रमाण घनफळाने १७ ते २२ टक्के असते. शंभर-दीडशे वर्षांनंतरही पिण्यायोग्य राहणारी जी थोडी मद्ये जगात आहेत, त्यांत याचे स्थान अग्रगण्य असून अतिप्राचीन मद्यांचे रसिक व संग्राहक यांना ते विशेष प्रिय आहे. उष्णता आणि हवा हे सर्वसाधारण द्राक्षमद्याचे शत्रू होत. मादेइराचे दीर्घायुष्य मात्र या दोहोंच्याच संस्कारातून आलेले आहे. ‘मादेइरा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ लाकूड असा असून पूर्वी बेटावर असलेल्या दाट अरण्यावरून ते नाव पडले. संस्कृत ‘मदिरा’ या शब्दाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचा संबंध नाही.

भूमी व द्राक्षे : मादेइरा हे ज्वालामुखीजन्य बेट सु. ५७ किमी. लांब असून अत्यंत डोंगराळ आहे. तीव्र उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत द्राक्षवेली मांडवांवर चढविल्या जातात. उत्तरेकडील पावसाचे पाणी ‘लेव्हादा’ नावाच्या अरुंद पाटांनी दक्षिणेकडील कोरड्या उतारांवर आणले जाते. सुरुवातीच्या काळात या पाटांच्या खोदकामात गुलामांचे श्रम मोठ्या प्रमाणावर खर्ची पडले. येथील मृदा व दमट हवामान यांमुळे द्राक्षांत आम्लता बरीच राहते. सेर्सियाल, व्हेर्देल्यू, बुआल व माल्व्हाझिया या पारंपरिक उच्च प्रतीच्या जाती होत. त्यांची मद्ये याच क्रमाने अधिकाधिक गोड असतात. तेर्रान्तेझ ही जात दुर्मिळ आहे. आजचे बरेचसे उत्पादन तिंता नेग्रा या काळ्या द्राक्षापासून होते.

इतिहास : पोर्तुगीजांनी १४२० च्या सुमारास बेटावर वसाहत केली. पंधराव्या शतकाच्या मध्यास तेथे द्राक्षांची लागवड होत असल्याचे व्हेनिसचा प्रवासी काद मोस्तो याने नमूद केले आहे. वेस्ट इंडीज, अमेरिका व हिंदुस्थान यांकडे जाणारी जहाजे फुंशाल बंदरात अन्नपाणी आणि मद्य भरून घेत. प्रवासात मद्य नासू नये म्हणून त्यात मद्यार्क मिसळण्याची प्रथा अठराव्या शतकात रूढ झाली. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या तळाशी तापलेले व हिंदकळलेले मद्य बिघडण्याऐवजी अधिक स्वादिष्ट होते, असा अनुभव आला. तेव्हा पिंपे मुद्दाम दूरच्या सफरीवर पाठवून परत आणली जाऊ लागली. अशा फेरी करून आलेल्या मद्यास ‘व्हिन्यू दा रोदा’ म्हणत. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील इंग्रज वसाहतींतही अठराव्या शतकात मादेइराचा मोठा खप होता. अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत तर ते प्रतिष्ठितांचे आवडते पेय होते. १७६८ मध्ये बॉस्टन येथे जॉन हॅन्कॉक यांचे ‘लिबर्टी’ हे जहाज मादेइराच्या जकातीच्या प्रश्नावरून जप्त झाले आणि त्यातून दंगल उसळली.

निर्मिती : द्राक्षरसाचे किण्वन (आंबण्याची क्रिया) चालू असताना त्यात सु. ९६ टक्के तीव्रतेचा द्राक्षजन्य मद्यार्क मिसळतात. त्यामुळे किण्व (यीस्ट) मरून क्रिया थांबते व न आंबलेली साखर शिल्लक राहते. मद्यार्क लवकर मिसळल्यास मद्य गोड आणि उशिरा मिसळल्यास कोरडे होते. यानंतर उष्णतासंस्काराच्या दोन पद्धती आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘एस्तुफा’ पद्धतीत मद्य टाकीत सु. ४५° ते ५०° से. तापमानास किमान तीन महिने ठेवतात. ‘कांतेइरू’ या संथ पद्धतीत पिंपे कोठाराच्या माळ्यावर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली वर्षानुवर्षे ठेवली जातात. उत्तम प्रतीची मद्ये याच पद्धतीने मुरवितात.

दीर्घायुष्याची कारणे : पिंपाच्या लाकडातून थोडी हवा सतत आत शिरते आणि पाणी व मद्यार्क यांचे बाष्पीभवन होते. परिणामी साखर, आम्ल व स्वादद्रव्ये यांची संहती वाढत जाते. साखर व ॲमिनो अम्ले यांच्या विक्रियांमुळे मद्यास तपकिरी रंग येतो; सोटोलोन या संयुगामुळे अक्रोड व जळकी साखर यांची आठवण करून देणारा गंध येतो. बाटलीत भरण्यापूर्वीच ऑक्सिडीभवन व तापन पुष्कळसे होऊन गेलेले असल्याने पुढे हवेने किंवा उष्णतेने बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. भरपूर मद्यार्क व आम्लता यांमुळे सूक्ष्मजंतूंचीही वाढ होत नाही. तीव्र आम्लतेमुळे जुने व गोड मद्यदेखील बेचव किंवा मिट्ट लागत नाही. उघडलेली बाटली कित्येक महिने टिकते.

वर्षाचा अर्थ : बाटलीवरील वर्षाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. ‘फ्राश्केइरा’ म्हणजे एकाच जातीच्या, एकाच हंगामातील द्राक्षांपासून केलेले व किमान २० वर्षे लाकडी पिंपात मुरलेले मद्य. ‘कुल्येइता’ हेही एकाच हंगामाचे असते. पण त्यास पाच वर्षे पुरेशी होतात. ‘सोलेरा’ वरील वर्ष मात्र मूळ पिंपाचे असते. त्यातून काढलेल्या मद्याची भर नव्या मद्याने घातली जात असल्याने प्रत्यक्ष बाटलीत त्या वर्षाचा अंश अल्पच असू शकतो. जुन्या बाटल्यांवर पुष्कळदा कागदी चिठ्ठीऐवजी साच्याने रंगविलेली अक्षरेच असतात. म्हणून खरेदीपूर्वी बाटली कोणाच्या संग्रहातून आली, याची नोंद तपासली जाते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १८५१ पासून भुरी रोगाने व १८७२ पासून फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने येथील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. अनेक व्यापारी बेट सोडून गेले आणि बऱ्याच ठिकाणी हलक्या प्रतीच्या अमेरिकन संकरित वेली आल्या. रशियन राज्यक्रांती (१९१७) व अमेरिकेतील दारूबंदी (१९२०–३३) यांमुळे मोठ्या बाजारपेठाही गेल्या. पारंपरिक जातींची नावे त्यानंतर बाटल्यांवर राहिली. आतील मद्य मात्र बहुधा तिंता नेग्राचे असे. १९८६ मध्ये पोर्तुगाल यूरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यानंतर ही स्थिती पालटली. द्राक्षजातीचे नाव घालावयाचे तर तिचे प्रमाण किमान ८५ टक्के असणे सक्तीचे झाले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या मादेइरा मद्य संस्थेचे नियंत्रणकार्य २००६ पासून तिच्या जागी आलेली, भरतकाम व हस्तव्यवसाय यांचाही समावेश असलेली संस्था पाहते.

दुर्मिळ जुनी मद्ये : फायलोक्सेरापूर्व काळातील बाटल्यांचे महत्त्व केवळ त्यांच्या वयात नाही. त्या बागा, त्या वेली व काही अंशी ती लागवडपद्धतीही आता नष्ट झाली असून तिची चव या बाटल्यांतच उरली आहे. त्यांपैकी १७९२ च्या मद्याविषयी एक आख्यायिका आहे. १८१५ मध्ये सेंट हेलेना बेटाकडे नेल्या जाणाऱ्या नेपोलियनला फुंशाल येथे त्याचे एक पिंप देण्यात आले. ते न उघडताच त्याच्या मृत्यूनंतर परत आले व १८४० मध्ये बाटल्यांत भरले गेले, असे सांगतात. विन्स्टन चर्चिल यांना १९५० मधील मादेइरा-भेटीत याच वर्षाचे मद्य देण्यात आल्याचेही सांगितले जाते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लिबर्टी हॉल संग्रहालयाच्या तळघरात नूतनीकरणाच्या वेळी १७९६ च्या मादेइराच्या सु. तीन पेट्या सापडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले.

अशा बाटल्या उभ्या ठेवतात, कारण आडव्या ठेवल्यास तीव्र मद्य बुचास खाते. उघडण्यापूर्वी काही दिवस गाळ तळाशी बसू देतात. नंतर मद्य हळूच दुसऱ्या पात्रात ओतून बराच वेळ उघडे ठेवतात. दीर्घकाळ बंदिस्त राहिल्याने आलेला कोंदट वास त्यामुळे निघून जातो. मात्र उघडलेल्या प्रत्येक बाटलीबरोबर हा साठा घटत असतो. तो पुन्हा निर्माण होण्यासारखा नसल्याने आज माळ्यांवर मुरत असलेल्या पिंपांतूनच पुढील शतकाची जुनी मद्ये मिळू शकतील. [→ किण्वन, मद्य].