मिश्र वापराची परिवर्तनक्षम इमारत

एकाच इमारतीत दुकाने, कार्यालये व निवास यांची सोय करून, पुढे गरजेनुसार त्यांचा वापर बदलता येईल अशी रचना केल्यास तिला मिश्र वापराची परिवर्तनक्षम इमारत म्हणतात. सार्वजनिक उद्यान वा मैदानालगत अशा इमारतीला कायम उजेड व मोकळी हवा मिळते. तळमजल्यावरील वर्दळीमुळे उद्यानाचा परिसरही जागता राहतो.

रचना

इमारतीचा भार खांब व तुळयांच्या सांगाड्यावर घेतल्यास मधल्या भिंती केवळ आडोशापुरत्या उरतात आणि खोल्यांची फेररचना सुलभ होते. जिने, उद्वाहक व नळवाहिन्या एकत्र ठेवतात. तळमजल्याची उंची अधिक राखतात आणि रहिवाशांचे प्रवेशद्वार ग्राहकांच्या वाटेपासून वेगळे असते.

उदाहरण

मुंबईतील ओव्हल मैदानालगतची एरॉस इमारत १९३८ साली सुरू झाली. शोराबजी भेडवार हे तिचे वास्तुविशारद. चित्रपटगृहाबरोबरच तिच्यात दुकाने व कार्यालयेही होती. ओव्हल परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात एरॉसचा समावेश आहे. काही वर्षे बंद राहिलेले हे चित्रपटगृह २०२४ साली कमी आसनसंख्येने पुन्हा सुरू झाले. इमारतीची इतर जागा विक्रीदालनासाठी वापरात आली. वापर बदलला, तरी इमारतीचे बाह्यरूप टिकून राहिले.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील शहरांत खाली दुकान व वर घर ही मांडणी रूढ आहे. मात्र दुकानांसाठी तळमजल्यावरील भिंती वगळल्यास तो मजला वरच्या मजल्यांपेक्षा लवचीक होतो. त्यास 'मृदू मजला' म्हणतात. भूकंपात इमारतीची बहुतेक हालचाल याच मजल्यात एकवटते व खांब मोडतात. २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये अशा अनेक इमारती कोसळल्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या जिल्ह्याच्या उमरगा परिसराची मोठी हानी झाली. तेथे प्रामुख्याने दगडमातीची घरे पडली; मृदू मजल्याचा धोका काँक्रीटच्या नव्या इमारतींना आहे. २००२ च्या भारतीय मानकात किल्लारी परिसर भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात घेण्यात आला. म्हणून तळमजल्याचे खांब अधिक सक्षम करणे आणि जिना व उद्वाहकाभोवती पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती घालणे हितावह ठरते. पुढे दुकान वाढवताना भिंत काढायची असल्यास संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक असतो.